मागे सरकलेला नऊ नंबर

25 नोव्हेंबर 1953. वेम्ब्लीवर सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, तोच हंगेरीच्या नऊ नंबरच्या खेळाडूने पहिला गोल केला. नांदोर हिदेगकुटीने त्या दिवशी तीन गोल मारले, हंगेरी 6-3 ने जिंकली आणि ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून इंग्लंड घरच्या मैदानावर पहिल्यांदा हरलं. या विजयाची आठवण निघाली की नाव येतं ते होन्वेदच्या पुश्कासचं. पुश्कास थोर होताच. पण त्या दिवशी इंग्रजांना ज्या डावाने चकवलं, तो बुडापेस्टच्या दुसऱ्या एका क्लबात, एमटीकेत, घडला होता.

एमटीके म्हणजे मॉद्यॉर तेश्तद्याकोर्लोक क्योरे, हंगेरीच्या व्यायामपटूंचं मंडळ. स्थापना 1888 ची, पण फुटबॉल आला 1901 मध्ये. शहरातल्या मध्यमवर्गीय ज्यूंचा या निळ्या-पांढऱ्या क्लबला मोठा आधार होता. 1905 पासून अध्यक्षपदी असलेल्या आल्फ्रेद ब्रुलने क्लबसाठी स्वतःचा पैसा सढळ हाताने ओतला. 1912 मध्ये हुंगारिया रस्त्यावर क्लबचं स्वतःचं मैदान उभं राहिलं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि त्याच्यासोबत जिमी होगन. हा लँकेशरचा इंग्रज प्रशिक्षक 1914 मध्ये व्हिएन्नात होता. युद्ध जाहीर होताच शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडला गेला. एमटीकेच्या लोकांनी खटपट करून त्याला बुडापेस्टला आणलं. पोलिसांकडे हजेरी लावत त्याने युद्धाची वर्षं पोरांना खेळ शिकवण्यात घालवली. त्या काळी इंग्लंडमधले प्रशिक्षक आठवडाभर खेळाडूंना चेंडूच देत नसत. चेंडूची भूक लागली की शनिवारी ते त्वेषाने खेळतील, अशी समजूत. होगनने नेमकं उलट केलं. रोज चेंडू, सतत चेंडू. आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घ्यायचा, जमिनीलगत पास द्यायचा आणि लगेच मोकळ्या जागेत जायचं. 1917 ते 1925 अशी सलग नऊ वर्षं एमटीके हंगेरीचा विजेता राहिला. मला तर हा फुटबॉलच्या इतिहासातला फार मोलाचा योगायोग वाटतो: इंग्लंडने वाऱ्यावर सोडलेला माणूस, युद्धामुळे अडकला आणि एका देशाचा खेळ घडवून गेला.

पुढचा काळ वाईट. 1926 मध्ये व्यावसायिक फुटबॉल आला, तेव्हा संघ ‘हुंगारिया’ या नावाने खेळू लागला. 1940 मध्ये ज्यूविरोधी कायद्यांच्या काळात तो बंदच झाला. ब्रुल 1944 मध्ये ऑशविट्झला मारला गेला. ज्याने मैदान उभारलं, त्याचा शेवट असा व्हावा, हे लिहितानाही हात जड होतो.

1945 मध्ये एमटीके पुन्हा उभा राहिला, पण कम्युनिस्ट राजवटीत त्याचं नाव स्थिर राहिना. आधी कापड कामगारांच्या संघटनेचा ‘टेक्स्टिलेश’, 1951 मध्ये ‘बाश्त्या’ म्हणजे बुरूज, 1953 मध्ये ‘व्होरोश लोबोगो’ म्हणजे लाल झेंडा. आता तो गुप्त पोलिसांच्या अंकित होता. वरची पाटी कोणाच्याही मर्जीने बदलो, मैदानावर होगनच्या वळणाचा खेळ चालूच होता.

त्या खेळात भर घातली मार्टोन बुकोवीने. हा प्रशिक्षक खेळाडू म्हणून कट्टर प्रतिस्पर्धी फेरेंट्सव्हारोशचा! तेव्हाचा नऊ नंबर म्हणजे सेंटर फॉरवर्ड, धिप्पाड गडी, गोलासमोर उभा. आणि त्याच्या अंगाला चिकटून प्रतिस्पर्ध्यांचा मधला बचावपटू. बुकोवीने आपला नऊ नंबर मागे, जवळजवळ मधल्या फळीत ओढला. आता बचावपटूने करायचं काय? त्याच्यामागे धावत गेला, तर गोलासमोर भगदाड पडणार आणि त्यातून दोन्ही बाजूंचे आघाडीचे खेळाडू आत घुसणार. जागेवर थांबला, तर नऊ नंबरला चेंडू घेऊन मान वर करायला, हवा तिथे पास द्यायला भरपूर वेळ. एमटीकेत ही जागा आधी पेटर पालोताशने सांभाळली. राष्ट्रीय संघातही सुरुवातीला तोच होता. 1952 मध्ये बर्नला स्वित्झर्लंडविरुद्ध हंगेरी 0-2 ने मागे पडली, तेव्हा प्रशिक्षक गुस्ताव शेबेशने पालोताशला काढून क्लबातल्याच हिदेगकुटीला उतरवलं. हंगेरीने सामना 4-2 ने जिंकला. वेम्ब्लीवर इंग्लंडच्या हॅरी जॉन्स्टनला शेवटपर्यंत कळलं नाही की या माणसाच्या मागे जावं की नाही. शेबेशही एमटीकेचाच जुना खेळाडू, हे इथे सांगायलाच हवं.

जागा गेली म्हणून पालोताश संपला नाही. सप्टेंबर 1955 मध्ये युरोपियन कप सुरू झाला, तेव्हा ‘लाल झेंडा’ने बेल्जियमच्या अँडरलेख्टला 6-3 ने हरवलं आणि त्या स्पर्धेतली पहिली हॅटट्रिक पालोताशच्या नावावर लागली. वर्षभराने, 1956 मध्ये, क्लबला एमटीके हे नाव परत मिळालं. त्याच नावाने 1958 मध्ये संघ पुन्हा विजेता झाला. छत्तीस वर्षांच्या हिदेगकुटीचा तो खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम होता.