शाळेसाठी किंवा ऑफिससाठी पोर्टेबल प्रोजेक्टर घेताय? आधी हे 5 मुद्दे तपासा

2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यानंतर राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. अकोले असो की पाथर्डी, गावाने जमवलेला पैसा पुन्हा पुन्हा उभा राहत नाही. त्यामुळे प्रोजेक्टर निवडताना घाई नको.

1. उजेड किती?
खोक्यावर नुसते ‘9000 ल्युमेन’ लिहिलेले असेल तर त्यावर जाऊ नका. ‘एएनएसआय ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ किती, ते विचारा. 6 फूट रुंद चित्राचे क्षेत्रफळ साधारण 2 चौरस मीटर भरते. 300 ल्युमेनच्या छोट्या प्रोजेक्टरचा त्यावर जेमतेम 150 लक्स उजेड पडतो. खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात दिवसाचा उजेडच त्याहून जास्त असतो, म्हणून चित्र फिके दिसते. अशा वर्गाला 3000 ल्युमेनच्या आसपासचे मॉडेल लागते. अंधार करता येणाऱ्या लहान मीटिंग रूममध्ये 500 ल्युमेनवर भागू शकते.

2. अंतर किती?
‘थ्रो रेशो’ 1.2 असेल तर 6 फूट रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर भिंतीपासून सुमारे 7 फुटांवर ठेवावा लागतो. खोली लहान असेल किंवा शिकवणाऱ्याची सावली चित्रावर पडत असेल, तर ‘शॉर्ट थ्रो’ घ्या.

3. अक्षरे वाचता येतील का?
‘4के सपोर्ट’ म्हणजे 4के चित्र नव्हे. ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ पाहा. तक्ते आणि बारीक मजकूर दाखवायचा असेल तर 1920 × 1080 चांगले.

4. वीज गेली तर?
छोटे एलईडी प्रोजेक्टर साधारण 50 ते 100 वॅटवर चालतात, तर 3000 ल्युमेनचे लॅम्पवाले 250 ते 300 वॅट घेतात. इन्व्हर्टर त्या हिशेबाने निवडा. बॅटरीवाल्या मॉडेलचा उजेड बॅटरीवर अनेकदा कमी होतो, हेही विचारून घ्या. लॅम्पवाल्या प्रोजेक्टरला बंद केल्यावर पंख्याने थंड व्हावे लागते. वीज अचानक गेली की पंखाही थांबतो आणि लॅम्पचे आयुष्य घटते.

5. पुढचा खर्च किती?
लॅम्प काही हजार तास टिकतो, मग बदलावा लागतो. एलईडी किंवा लेझरसाठी कंपन्या 20,000 तास सांगतात. रोज 4 तास, वर्षाला 200 दिवस वापर धरला तर 4000 तासांचा लॅम्प 5 वर्षे पुरेल. धुळीच्या भागात फिल्टर सहज काढून साफ करता येतो का, सर्व्हिस सेंटर नगर शहरात आहे की पुण्याला जावे लागेल, हेही विचारा.

पैसे देण्यापूर्वी
22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. कोटेशन त्याआधीचे असेल तर नवे मागा. दुकानदाराला प्रोजेक्टर भर दुपारी वर्गात आणायला सांगा, खिडक्या उघड्या ठेवा आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला पडद्यावरचा मजकूर वाचायला लावा. त्याला वाचता आला, तरच बिल करा.