उल्हास खोऱ्यातील मातीचे बांध

राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी ओलांडून बदलापूरला येते तेव्हा सह्याद्रीच्या उतारावरचे पाणी तिच्यात लोटलेले असते, आणि हे पाणी वाटेत अडवणारी या खोऱ्यातील साधी, जुनी बांधकामे म्हणजे भातखाचरांचे हातभर उंचीचे मातीचे बांध होत. पावसाच्या तोंडावर होणाऱ्या बांधबंदिस्तीत, म्हणजे बांधांच्या डागडुजीत, खेकड्यांची भोके चिकणमातीने बुजवून टाचेने दाबली जात आणि जादा पाणी खालच्या खाचरात उतरण्यासाठी बांधाला मोजके तोंड ठेवले जाई. एका हेक्टरात १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले की १,५०० घनमीटर पाणी नदीत जायचे काही काळ थांबते. गावोगावच्या या साठ्याला पूरनियंत्रणच म्हटले पाहिजे.

पुढची मोठी बांधकामे मात्र पाणी साठवण्यासाठी झाली. वालधुनी नदीवर काकोळे येथील तलाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधला, तर चिखलोलीचे मातीचे धरण अंबरनाथला पाणी पुरवते. अशा धरणात सामान्यतः मधोमध पाणी न झिरपू देणारा मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण, पाण्याकडील उतारावर दगडी अस्तर आणि बाजूला सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, असते. कारण माथ्यावरून पाणी वाहिले की माती तग धरत नाही, हे १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या पानशेत धरणाने दाखवून दिले. पाणीपुरवठ्याचे धरण भरलेले हवे आणि पुराचे धरण रिकामे; भरलेले छोटे धरण आलेला लोंढा जवळजवळ तसाच सांडव्यावरून खाली सोडते.

फाळणीनंतर लष्करी कल्याण कॅम्पात वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले, पुढे अंबरनाथ-बदलापुरात कारखाने आणि इमारती वाढल्या, आणि खाचरांवर भराव पडत गेला. दहा हेक्टर खाचरे बुजली की १५,००० घनमीटरांची जागा जाते, आणि या हानीची दखल धरणाच्या पातळीइतक्या काळजीने घेतली जायला हवी. २६ जुलै २००५ सारख्या पावसात खाचरांनी पूर रोखला असता असे नव्हे, पण त्याचा पहिला जोर त्यांनी अंगावर घेतला असता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा उल्हासचे पाणी रुळांच्या दोन्ही अंगांना पसरले होते आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले.