प्येर बेलाँ : पक्षी आणि माणसाचा सांगाडा शेजारी मांडणारा निसर्गअभ्यासक

सोळाव्या शतकातील युरोपात निसर्गाचा अभ्यास म्हणजे प्रामुख्याने ग्रीक व रोमन ग्रंथांचे पठण होते. अॅरिस्टॉटल, थिओफ्रॅस्टस किंवा डायोस्कोरिडीस यांनी लिहिले ते प्रमाण मानले जाई. ग्रंथांतील वनस्पती व प्राणी प्रत्यक्ष पाहण्यासाठी घराबाहेर पडलेल्या मोजक्या विद्वानांत फ्रान्सच्या प्येर बेलाँ यांची गणना होते.

बेलाँ यांचा जन्म १५१७ मध्ये ल मां शहराच्या परिसरात झाला. औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर त्यांनी जर्मनीत व्हालेरियुस कॉर्डुस यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. पुढे त्यांना कार्डिनल फ्रांस्वा द तूर्नों यांचा आश्रय लाभला. त्यांच्याच साहाय्याने १५४६ ते १५४९ या काळात बेलाँ यांनी ग्रीस, क्रीट, कॉन्स्टँटिनोपल, इजिप्त व पॅलेस्टाइन असा प्रदीर्घ प्रवास केला. औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मातीचा उगम पाहण्यासाठी ते लेमनॉस बेटावरही गेले. या प्रवासाचा वृत्तांत १५५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

सागरी जीवांवरील त्यांचा ग्रंथ १५५१ मध्ये निघाला. डॉल्फिन व त्याच्या जातभाईंचे विच्छेदन करून त्यांनी गर्भाशय, वाढणारा गर्भ आणि दुग्धग्रंथी यांची नोंद केली. तरीही पाण्यात राहणारे ते सारे मासे, या समजुतीतून ते सुटले नाहीत. पाणघोडाही त्यांच्या याच ग्रंथात आढळतो. डोळ्यांनी नेमके टिपले, पण वर्गीकरणाची चौकट जुनीच राहिली. देवमाशांना सस्तन प्राण्यांत निश्चित स्थान मिळण्यासाठी लिनियस यांच्या १७५८ मधील ग्रंथाची वाट पाहावी लागली.

पक्ष्यांवरील १५५५ च्या ग्रंथात मात्र बेलाँ काळाच्या फार पुढे गेले. सुमारे २०० पक्ष्यांची माहिती देणाऱ्या या ग्रंथात त्यांनी मानवाचा व पक्ष्याचा सांगाडा शेजारी-शेजारी छापला आणि परस्परांशी जुळणाऱ्या हाडांना सारखीच अक्षरे दिली. पंख व हात बाहेरून कितीही भिन्न दिसले तरी त्यांची घडण एकाच धर्तीची आहे, हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळले. उत्क्रांतीची कल्पना बेलाँ यांच्या मनात नव्हती. मात्र अशाच साम्याचा अर्थ पुढे डार्विन यांनी १८५९ मध्ये समान पूर्वजांच्या आधारे उलगडला. तुलनात्मक शरीररचनाशास्त्राच्या इतिहासात म्हणूनच या चित्राला मानाचे स्थान आहे.

राजा नववा शार्ल याने बेलाँ यांना पॅरिसजवळील ब्वा द बुलोन्य या वनातील राजवाड्यात निवास दिला होता. तेथे ते डायोस्कोरिडीस व थिओफ्रॅस्टस यांच्या ग्रंथांचे भाषांतर करीत होते. १५६४ मध्ये त्याच वनात मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली आणि ते काम अपुरेच राहिले. त्या वेळी ते जेमतेम सत्तेचाळीस वर्षांचे होते.