बेस गिटार विवर्धक

विद्युत् बेस गिटारच्या तारांच्या कंपनांपासून उत्पन्न होणारा क्षीण विद्युत् संकेत मोठा करून त्याचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनास बेस गिटार विवर्धक म्हणतात. पूर्वविवर्धक, शक्तिविवर्धक आणि ध्वनिक्षेपक म्हणजे लाउडस्पीकर बसविलेली पेटी हे त्याचे तीन मुख्य भाग होत. हे तिन्ही एकत्र असल्यास त्यास ‘कॉम्बो’ म्हणतात. विवर्धक वेगळा असल्यास त्यास ‘हेड’ आणि ध्वनिक्षेपकाच्या पेटीस ‘कॅबिनेट’ म्हणण्याचा प्रघात आहे. साध्या विद्युत् गिटारचा विवर्धक बेस गिटारला पुरा पडत नाही, हे वादकांच्या फार लवकर ध्यानात आले. त्याचे कारण कारागिरीत नसून भौतिकीत आहे.

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खर्जाची तार खुली छेडली असता तिची मूलभूत कंप्रता सु. ४१ हर्ट्‌झ असते. पाच तारांच्या गिटारमध्ये ती सु. ३१ हर्ट्‌झपर्यंत उतरते. मानवी कान इतक्या खालच्या कंप्रतांना फारसा संवेदनशील नाही. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्रांवरून असे दिसते की, मध्यम सप्तकातील स्वराइतकाच खर्जाचा स्वर मोठा वाटावा यासाठी त्याचा ध्वनिदाब पुष्कळच अधिक असावा लागतो. तेवढाच ध्वनिदाब मिळवावयाचा तर स्वर एक सप्तक खाली गेल्यावर ध्वनिक्षेपकाच्या शंकूची हालचाल चौपट व्हावी लागते. शिवाय ४१ हर्ट्‌झच्या ध्वनितरंगाची लांबी ८ मी.हून अधिक असल्याने, मागून उघड्या असलेल्या पेटीत शंकूच्या पुढून व मागून निघालेले तरंग एकमेकांत मिसळून बव्हंशी नाहीसे होतात. भरपूर शक्ती, पुष्कळ हवा हलविणारा शंकू आणि बंद किंवा हिशेबाने छिद्र ठेवलेली पेटी या तिन्ही गोष्टी एकदम आणि वादकाला उचलता येईल अशा वजनात साधणे, हा या साधनाच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जॅझ व नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे पुरुषभर उंचीचे तंतुवाद्य सांभाळत असे. पितळी वाद्यांच्या गजरात त्याचा आवाज हरवून जाई. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चल वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक सिद्ध केल्यावर वाद्यांचा आवाज विजेने वाढविण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९३० नंतरच्या दशकात सिॲटल येथील पॉल टुटमार्क यांनी आडवे धरून वाजविण्याचे, पडदे असलेले विद्युत् बेस वाद्य ‘ऑडिओव्हॉक्स’ या नावाने विक्रीस आणले आणि त्याच्या जोडीला विवर्धकही दिला. हा प्रयोग काळाच्या पुढे होता व तो लवकरच विस्मृतीत गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर एव्हरेट हल या डबल बेसवादकाने वेगळी वाट धरली. डबल बेस ज्या धातूच्या खुंटीवर उभा राहतो, तीत त्यांनी ध्वनिग्राहक बसविला आणि १९४६ मध्ये त्याच्याबरोबर वापरण्याच्या विवर्धकाचा व्यवसाय सुरू केला. ‘विवर्धित खुंटी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच त्यांच्या मालास ‘अँपेग’ हे नाव मिळाले.

निर्णायक बदल घडविला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लीओ फेंडर (१९०९—९१) यांनी. त्यांचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. १९५१ मध्ये त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ ही भरीव लाकडाची, पडदे असलेली, सु. ८६ सेंमी. तारलांबीची बेस गिटार बाजारात आणली. डबल बेसला विवर्धकाची मदत लागत असली, तरी त्यावाचून तो मुका होत नाही. प्रिसिजन बेसला पोकळ तुंबाच नसल्याने ती विवर्धकावाचून जवळजवळ मुकीच. विवर्धक हा वाद्याचाच अर्धा भाग झाला. म्हणून फेंडर यांनी १९५२ मध्ये ‘बेसमन’ हा विवर्धक तयार केला. त्यात ३८ सेंमी. व्यासाचा एक ध्वनिक्षेपक असून त्याची शक्ती सु. २६ वॉट होती. कोणती इलेक्ट्रॉन नलिका कोठे बसते याचा तक्ता फेंडर यांच्या विवर्धकांच्या पेटीत आतून चिकटविलेला असे. नलिका बदलणे हे वादकाचे नित्याचे काम ठरणार, हे दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने हेरलेले होते.

बेसमनची पुढील वाटचाल मोठी विलक्षण आहे. १९५४-५५ च्या सुमारास त्यात एका मोठ्या ध्वनिक्षेपकाऐवजी २५ सेंमी.चे चार ध्वनिक्षेपक आले, शक्ती वाढली. परंतु पेटी मागून उघडीच राहिली. बेसवादक आवाज वाढवू लागले की स्वर फाटत असे. जो विपर्यास बेसवादकांना दोष वाटला, तोच गिटारवादकांना हवासा वाटला आणि बेससाठी रचलेले हे यंत्र गिटारचे म्हणूनच कीर्ती पावले. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल (१९२३—२०१२) व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये आपला पहिला विवर्धक बांधला, तो बेसमनच्याच मंडलावर आधारलेला होता. रॉक संगीतातील गिटारचा प्रसिद्ध ‘मार्शल’ ध्वनी अशा रीतीने एका बेस विवर्धकापासून निघाला आहे.

बेसवादकांची गरज भागविली ती अँपेगने. जेस ऑलिव्हर यांनी रचलेल्या व १९६० मध्ये बाजारात आलेल्या ‘पोर्टाफ्लेक्स बी-१५’ या प्रकारात विवर्धक पेटीच्या झाकणावर उलटा बसविलेला असे. वाजविताना झाकण पालथे करून तो वर येई, नेताना तो पेटीत जाई. यामुळे वाहतूक सुलभ झालीच, पण नलिका ध्वनिक्षेपकाच्या धक्क्यांपासून दूरही राहिल्या. याची शक्ती २५ ते ३० वॉटच होती, तरी ३८ सेंमी.च्या ध्वनिक्षेपकासाठी जुळवून केलेल्या पेटीमुळे त्याचा स्वर गोल व स्वच्छ निघे. डिट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांतील श्रेष्ठ बेसवादक जेम्स जेमरसन (१९३६—८३) हे तोच वापरीत. हल यांना मात्र रॉक संगीत व त्यातील फाटका आवाज मनापासून नापसंत होता. बाजार त्याच दिशेने जात असताना त्यांनी १९६७ मध्ये कंपनी विकली, याचे नवल वाटावयास नको.

क्लबांतून क्रीडांगणांत गेलेल्या संगीताला हे विवर्धक अपुरे पडले. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचे वादन पन्नास हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे झाले, तेव्हा त्यांच्याजवळ १०० वॉटचे ‘व्हॉक्स’ विवर्धक होते. केवळ वॉट वाढवून प्रश्न सुटत नाही, कारण शक्ती दुप्पट केल्यास ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते आणि आवाज दुप्पट वाटण्यासाठी सु. दहापट शक्ती लागते. अँपेगच्या अभियंत्यांनी १९६९ मध्ये जो ‘एसव्हीटी’ विवर्धक काढला, त्यामागे हेच गणित होते. १४ नलिका, ३०० वॉट शक्ती आणि केवळ विवर्धकाचे वजन सु. ३८ किग्रॅ. त्याच्याबरोबर प्रत्येकी २५ सेंमी.च्या आठ ध्वनिक्षेपकांच्या दोन बंद पेट्या जोडाव्या लागत. रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने त्याच वर्षीच्या अमेरिकन दौऱ्यात त्याचे प्रायोगिक नमुने वापरले. या पेट्यांतून ४१ हर्ट्‌झचा मूलभूत स्वर फारसा निघत नाही. त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतांचे उपस्वर जोरात निघतात आणि मूळ स्वर कान आपोआप भरून काढतो. बेस विवर्धकांचे पुष्कळसे यश श्रवणेंद्रियाच्या या सवयीवर उभे आहे.

त्याच सुमारास लॉस अँजेल्सच्या अकूस्टिक कंट्रोल कॉर्पोरेशनने ट्रँझिस्टरचा वापर करून २०० वॉटचा ‘अकूस्टिक ३६०’ आणला. त्याच्या पेटीत ४६ सेंमी.चा ध्वनिक्षेपक मागे तोंड करून दुमडलेल्या कर्ण्यात बसविलेला असे. त्याचा नाद दूरवर भरून जाई, पण शेजारी उभ्या असलेल्या वादकाला तो कमी ऐकू येई व तो आवाज आणखी वाढवी, अशी तक्रार सर्रास ऐकू येत असे. जाको पास्टोरियस (१९५१—८७) यांचा विशिष्ट स्वर या विवर्धकाशी निगडित आहे.

पेटीचा आकार तोवर बराचसा अनुभवावर व अंदाजावर ठरत असे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतर विस्तारलेले गणित रूढ झाल्यावर विशिष्ट ध्वनिक्षेपकासाठी पेटीचे आकारमान व छिद्र आधीच काढता येऊ लागले. या विषयातील खरी क्रांती हीच. नंतरच्या सुधारणा तिच्या मानाने लहान आहेत. तारेवर अंगठ्याने आघात करून वाजविण्याची लॅरी ग्रॅहम यांची पद्धत लोकप्रिय झाल्यावर उच्च कंप्रतांसाठी पेटीत छोटा ‘ट्विटर’ बसविण्यात येऊ लागला. निओडिमियमचे हलके व प्रबळ चुंबक १९८०—९० या दशकात आले आणि एकविसाव्या शतकात ‘डी’ वर्गाचे स्विचन पद्धतीचे विवर्धक प्रचारात आले. एसव्हीटीइतकी किंवा तिच्याहून अधिक शक्ती आता सु. ३ किग्रॅ. वजनात मिळते.

जोडणी व दोष : गिटार व विवर्धक यांना जोडणारा ६.३५ मिमी.चा जॅक हा एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन केंद्रांचा वारसा आहे. तोच जॅक ध्वनिक्षेपकासाठीही वापरला गेल्याने एक गोंधळ दीर्घकाळ चालू राहिला. गिटारची केबल बारीक गाभ्याची व वरून धातूच्या जाळीची असते. ती ध्वनिक्षेपकाला लावल्यास तापते व शक्ती वाया घालविते. ‘स्पीकॉन’ हा ध्वनिक्षेपकासाठीचा निराळा, कुलूपबंद होणारा जोड १९८७ मध्ये आल्यापासून ही चूक कमी झाली.

संरोधाचा हिशेब वादकाने स्वतः करणे आवश्यक असते. ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्यास विवर्धकावर ४ ओहमचा भार येतो, तिसरी जोडल्यास तो सु. २.७ ओहम होतो. ट्रँझिस्टरच्या विवर्धकास ठरावीक मर्यादेखालचा भार घातक असतो. ध्वनिक्षेपक न लावता तो चालू ठेवला तरी सहसा बिघडत नाही. नलिकांच्या विवर्धकाची गोष्ट याउलट आहे. ध्वनिक्षेपक न जोडता तो वाजविल्यास त्याच्या रोहित्रात अतिउच्च विद्युत् दाब निर्माण होऊन निरोधन जळते. नलिकांवर हात बसलेल्या आणि ट्रँझिस्टरवर शिकलेल्या वादकांनी परस्परांच्या सवयी उचलल्याने अनेक विवर्धक निकामी झाले आहेत.

आवाज बंद पडल्यास दोष गिटारकडून ध्वनिक्षेपकाकडे क्रमाने शोधावा लागतो. ज्या गिटारमध्ये पूर्वविवर्धक असतो, तिची बॅटरी बहुधा केबल लावताच चालू होते. केबल लावून ठेवलेली गिटार दुसऱ्या दिवशी मुकी वा खरखरीत निघण्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

गुणगुण हा त्याहून अवघड दोष आहे, कारण ती बेसच्याच कंप्रतापल्ल्यात पडते. भारतातील व यूरोपातील ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्याची गुणगुण बेसवरील ४९ हर्ट्‌झच्या स्वराशेजारी येते. एकदिशकारकानंतरचे धारित्र जुने होऊन सुकले, तर १०० हर्ट्‌झची गुणगुण उमटते आणि सर्वांत वरची खुली तार ९८ हर्ट्‌झची असल्याने तिच्याशी मिळून सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. वादक तार पुन्हापुन्हा सुरात लावतो, पण दोष तारेत नसतोच. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा विवर्धक भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट लावणे म्हणजे रोहित्र व नलिका दोन्ही गमावणे होय.

गुणगुण थांबविण्यासाठी भूसंपर्क म्हणजे अर्थिंग तोडण्याची सवय यांतील सर्वांत घातक आहे. जुन्या अमेरिकन विवर्धकांना दोनच टोकांचा प्लग असे व पुरवठ्याची एक बाजू एका धारित्रातून धातूच्या सांगाड्याशी जोडलेली असे. ते धारित्र फुटल्यास सांगाडा, केबलची जाळी आणि गिटारच्या तारा यांत पुरवठ्याचा पूर्ण विद्युत् दाब येतो. तंत्रज्ञांनी त्याला ‘मृत्यूचे धारित्र’ असे सार्थ नाव दिले. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे रंगमंचावर विजेच्या धक्क्याने मरण पावले. हातात गिटार असताना त्यांनी अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता. तीन टोकांचे प्लग पुढे सार्वत्रिक झाले, तरी तिसरे टोक कापून टाकलेले विवर्धक दुरुस्तीस येणे थांबलेले नाही. गुणगुण घालविण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे सर्व साधने एकाच ठिकाणाहून वीजपुरवठा घेणारी ठेवणे आणि मिश्रणयंत्राकडे जाणारा संकेत रोहित्रयुक्त ‘डीआय’ पेटीतून नेऊन तेथे फक्त संकेताचा भूसंपर्क तोडणे.

ही डीआय पेटी बेस विवर्धकाची प्रतिस्पर्धीही ठरली. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणगृहात १९६०—७० या दशकातच बेसचा संकेत विवर्धकावाचून थेट मिश्रणयंत्रात घेतला जाई. कानात बसविण्याची श्रवणसाधने व जुन्या विवर्धकांच्या ध्वनीच्या अंकीय प्रतिकृती आल्यावर रंगमंचावरही विवर्धकाची गरज उरेनाशी झाली. कॅनडातील रश या वाद्यवृंदाचे बेसवादक गेडी ली यांनी २००२ च्या दौऱ्यात पेट्यांची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी तेथे कपडे वाळविण्याची यंत्रे मांडली; कार्यक्रम चालू असताना सेवक मधूनमधून येऊन त्यांत नाणी टाकीत.