कर, खर्च आणि गिंडीचा गव्हर्नर

स्मरणिकेत जाहिरातींची पाने संपली की अगदी शेवटी मंडळाचा गतवर्षीचा जमाखर्च छापलेला असतो. बहुतेक वाचक ते पान न वाचताच मिटतात. मी मात्र, आयुष्यभर हिशेबाच्या कामात असल्यामुळे असेल, आधी तेच उघडतो. मांडव किती, मूर्ती किती, प्रसाद किती, शिल्लक किती! वर्गणी देणाऱ्याला ती कुठे गेली हे विचारायचा हक्क आहे, हे आपण सगळे धरूनच चालतो. पण ‘आधी खर्च दाखवा, मग कर मागा’ एवढे म्हटल्यावरून मद्रासच्या एका गव्हर्नराची खुर्ची गेली होती, आणि त्या गव्हर्नराचा बंगला आपल्या गिंडीत होता, हे किती जणांना ठाऊक असेल? संपादकांनी यंदा ‘इतिहासावर काहीतरी द्या’ असे सांगितले, तेव्हा ठरवले की हाच विषय घ्यावा.

गिंडीचे राजभवन (अनेक वर्षे आपण त्याला याच नावाने ओळखत आलो) मूळचे एक बागेतले घर. सर टॉमस मन्रो गव्हर्नर असताना, १८२१ च्या सुमारास, ते सरकारने घेतले. गव्हर्नरांचे शहरातले घर माउंट रोडजवळ होते. गिंडीचा बंगला गर्दीपासून दूर, झाडीत. आजचे राष्ट्रीय उद्यान, आय.आय.टी., गांधी मंडप ही सगळी त्याच आवारातून निघाली आहेत.

या घराचा धनी म्हणून १८५९ च्या मार्चमध्ये सर चार्ल्स ट्रेव्हेलियन आला. लंडनच्या ट्रेझरीत त्याने जवळजवळ वीस वर्षे काढली होती. आयर्लंडच्या दुष्काळात मदतीच्या पैशाला हात आखडता घेतल्याबद्दल आयरिश लोक त्याचे नाव आजही रागानेच घेतात. तेव्हा हा मनुष्य काही कनवाळू म्हणून प्रसिद्ध नव्हता. पण सरकारी पैसा कुठून येतो आणि कुठे झिरपतो, हे त्याला कळत होते. मद्रासला त्याने सेंट्रल स्टेशनजवळचे पीपल्स पार्क दिले. काटकसरीचा पुरस्कर्ता लोकांच्या बागेवर मात्र खर्च करतो, ही गंमत मला आवडते.

त्या वेळी हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी होती. १८५७ चा उठाव मोडण्यात सरकारचे कर्ज सुमारे चार कोटी पौंडांनी वाढले होते. ते निस्तरायला विलायतेहून जेम्स विल्सन आला. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा हा संस्थापक. १८६० च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला त्याने हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले आणि त्यात प्राप्तिकर सुचवला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्याला शेकडा दोन, त्यावरच्याला शेकडा चार. मुदत पाच वर्षे. हा कर या देशाला नवा नाही, हे पटवायला विल्सनसाहेबाने मनुस्मृतीचाही दाखला दिला होता! करासाठी शास्त्राधार शोधणारा इंग्रज अर्थमंत्री त्याच्यानंतर दुसरा झाला नसावा.

ट्रेव्हेलियनने मार्च १८६० मध्ये याविरुद्ध टिपण लिहिले. त्याचे म्हणणे सरळ होते. लष्कराचा फुगलेला खर्च आधी कमी करा, मग तूट आपोआप भरेल आणि नवा कर लागणारच नाही. मद्रासच्या लोकांना हे कर अपरिचित आहेत, त्यातून असंतोष वाढेल. कलकत्त्यात बसून साऱ्या देशाला एकच पट्टी लावण्यापेक्षा प्रांतांना आपापला खर्च सांभाळू द्या. इथवर ठीक होते. गव्हर्नराने मतभेद नोंदवावा, हे नियमात बसत होते. पण त्याने ते टिपण मद्रासच्या वर्तमानपत्रांना देऊन टाकले. ज्यांनी कर भरायचा त्यांना वाद कळला पाहिजे, असा त्याचा हिशेब! विलायतेत भारतमंत्री सर चार्ल्स वुड संतापला, आणि ट्रेव्हेलियनला परत बोलावण्यात आले. जूनमध्ये तो गेला. २४ जुलै १८६० ला प्राप्तिकराचा कायदा मंजूर झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, विल्सन कलकत्त्याला आमांशाने वारला. ट्रेव्हेलियनच्या जागी आलेला सर हेन्री वॉर्ड तर महिनाभरातच पटकीने गेला. त्या काळी हिंदुस्थानात कर लावणे आणि गोळा करणे हे दोन्ही तब्येतीला घातकच होते म्हणायचे.

आता ट्रेव्हेलियनची बाजू पूर्ण बरोबर होती का? मला तसे वाटत नाही. प्राप्तिकर दोनशे रुपयांवर मिळवणाऱ्याला लागणार होता, म्हणजे व्यापारी, वकील, सरकारी अंमलदार आणि इंग्रज पेढीवाले यांना. मद्रासचा गरीब मनुष्य त्याआधीच भरडला जात होता. रयतवारीचा सारा होता, मिठाचा सरकारी मक्ता होता, आणि विणकराच्या मागापासून कारागिराच्या हत्यारापर्यंत बसणारा मोहतर्फा होता. हा शब्द आपल्या पेशवाई दप्तरातलाच. १८५२ साली मद्रास नेटिव्ह असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला, त्यात या साऱ्याचे गाऱ्हाणे होते. त्यावरून पुढे चौकशी समिती नेमली गेली. तिचा १८५५ चा अहवाल ‘टॉर्चर कमिशन’चा अहवाल म्हणून ओळखला जातो. सारा वसूल करण्यासाठी रयतेला उन्हात उभे करणे, वाकवून मान पायाच्या अंगठ्याला बांधणे, बोटे लाकडी चिमट्यात दाबणे, असे प्रकार चालत, हे त्यात सरकारनेच छापले आहे.

आणि इथे आपल्याला जरा अस्वस्थ करणारी गोष्ट येते. मद्रास इलाख्याच्या महसूल खात्यात शिरस्तेदार, तहसीलदार, हिशेबनीस अशा जागांवर मराठी बोलणाऱ्या देशस्थांचा मोठा भरणा होता. तंजावरच्या मराठी राज्याचा तो वारसा. कित्येक जिल्ह्यांत हिशेब मराठीत ठेवले जात. दक्षिणेतल्या आपल्या पूर्वजांचा विषय निघाला की सरस्वती महाल, कीर्तन परंपरा, तंजावरची चित्रे यांची आठवण आपण अभिमानाने काढतो. पण त्या वसुलीच्या साखळीतल्या किती कड्या मराठी होत्या, याचा उल्लेख कुठल्या स्मरणिकेत आलेला मी वाचलेला नाही.

त्याच मंडळींतून टी. माधवरावही आले, हेही तितकेच खरे. जन्म १८२८, कुंभकोणम; घरात मराठी, शिक्षण मद्रासला. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. १८५८ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले. राज्याची स्थिती बिकट होती. नोकरांचे पगार थकलेले, कर्ज झालेले, आणि कारभार सुधारला नाही तर राज्य खालसा करू, अशी धमकी डलहौसीने १८५५ सालीच देऊन ठेवलेली. म्हणजे तूट कलकत्त्यालाही होती आणि त्रिवेंद्रमलाही. पण माधवरावांनी उलटा रस्ता धरला. १८६० मध्ये मिऱ्याचा सरकारी मक्ता काढून टाकला. तंबाखूवरचा भार उतरवत नेला. ज्यांची वसुली करताना रयतेला त्रास फार आणि तिजोरीला लाभ थोडा, असे कितीतरी किरकोळ कर बंद केले. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि कोचीनशी करार करून व्यापारावरचे जकातीचे अडसर दूर केले, आणि त्याच वर्षी सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्यांवर मालकी देणारा जाहीरनामा निघाला. व्यापार वाढला, उत्पन्न वाढले, कर्ज फिटले. बचत म्हणजे कामे बंद, असेही नव्हते; रस्ते, शाळा, दवाखाने झाले आणि त्रिवेंद्रमची सेक्रेटरिएटची इमारतही त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. तिच्यासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. पुतळा कोणाचा, हे मात्र रिक्षावाल्याला सांगता येईलच असे नाही.

पुढे इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी करून माधवराव मैलापूरला येऊन राहिले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष तेच होते. १८९१ मध्ये ते वारले.

तिकडे प्राप्तिकराचे काय झाले? ट्रेव्हेलियन १८६३ च्या सुरुवातीला पुन्हा हिंदुस्थानात आला, आणि तोही विल्सनच्याच खुर्चीवर, अर्थखात्याचा मुख्य म्हणून! त्याने कर चारावरून तीन टक्क्यांवर आणला आणि पाच वर्षांची मुदत संपताच १८६५ मध्ये तो संपू दिला. इतिहासात असा न्याय क्वचित मिळतो. पण तो टिकला नाही. १८६९ ला कर परत आला, १८७३ ला गेला, आणि १८८६ मध्ये रशियाची भीती व ब्रह्मदेशाची लढाई यांच्या खर्चासाठी आला तो कायमचाच. लढाई संपली, ब्रह्मदेशही गेला, कर आहे.

पुढे सरकारकडे शिल्लक पडू लागली. तेव्हा २६ मार्च १९०२ ला, अंदाजपत्रकावरच्या आपल्या पहिल्याच भाषणात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कौन्सिलात सांगितले की ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हे. गरजेपेक्षा जास्त कर घेतल्यामुळे ती दिसते आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि प्राप्तिकराची माफीची मर्यादा पाचशेवरून हजारावर गेली. कोकणातल्या कोतळूकच्या या माणसाला मद्रासकडचे लोकही आपला का मानत, ते यावरून कळते.

पुन्हा गिंडीला येतो. गांधी मंडपाच्या आवारात राजाजींचे स्मारक आहे. सकाळी फिरायला जाणारे आपले सभासद रोज त्याच्यासमोरून जातात. १९३७ मध्ये राजाजी मद्रासचे मुख्यमंत्री (त्या वेळचा शब्द पंतप्रधान) झाले आणि १ ऑक्टोबरला सेलम जिल्ह्यात दारूबंदी आली. दारूवरचे उत्पन्न बुडणार, ते भरून काढायला १९३९ मध्ये त्यांनी सर्वसाधारण विक्रीकर लावला. असा सर्व मालावरचा विक्रीकर देशात हा पहिला. (त्याआधी १९३८ ला नागपूरच्या सी.पी. अँड बेरार सरकारने पेट्रोलसारख्या तेलांच्या विक्रीवर कर लावला होता आणि ते भांडण फेडरल कोर्टापर्यंत गेले होते. म्हणजे तिथेही मराठी मुलूख!) राजाजींचा कर टक्क्याचा जेमतेम अंश होता. व्यापाऱ्यांनी ओरड केली, पण कारण सर्वांना समजले होते. दारू जाते आहे, म्हणून हा कर.

१९५९ मध्ये याच राजाजींनी स्वतंत्र पक्ष काढला आणि ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा शब्द साऱ्या देशाच्या तोंडी बसवला. १९७१ मध्ये दारूबंदी उठवायचे ठरले, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी मुख्यमंत्री करुणानिधींच्या घरी जाऊन ‘असे करू नका’ म्हणून विनवून आले. बंदी उठलीच. मधे ती पुन्हा आली आणि गेली, आणि २००३ पासून तर दारूची किरकोळ विक्री सरकारी टास्मॅककडेच आहे. २०२३-२४ साली त्यातून राज्याला ४५ हजार कोटी रुपयांहून अधिक मिळाले. ज्या उत्पन्नाची भरपाई म्हणून विक्रीकर आला, ते उत्पन्न असे भरभरून परत आले. विक्रीकर मात्र गेला नाही. व्हॅट झाला, १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करात मिसळला, आणि दारूला त्या करातून वगळून तिच्यावर राज्याचा वेगळा कर चालू राहिला. राजाजी असते तर यावर काय म्हणाले असते, याची मी बऱ्याचदा कल्पना करतो.

एवढे सगळे घेणारे सरकार द्यायचे कुठे विसरते याचा विचार आपण करतो, पण घ्यायचे कुठे विसरते याचा फारसा करत नाही. गिंडीचे रेसकोर्स पाहा. १६० एकर सरकारी जमीन, १९४५ मध्ये मद्रास रेस क्लबला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. भाडे वर्षाला ६१४ रुपये १३ आणे. म्हणजे एकरी चार रुपयेसुद्धा नाहीत! १९७० पासूनच्या वाढीव भाड्याची थकबाकी साठत गेली. मार्च २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ७३० कोटी ८६ लाख रुपये भरा, नाहीतर जागा रिकामी करा, असा आदेश दिला. ९ सप्टेंबर २०२४ ला सरकारने पट्टा रद्द करून दारांना सील ठोकले. वाद त्यानंतरही न्यायालयात चालू राहिला. मधल्या पन्नास वर्षांत कितीतरी अर्थमंत्री आले, किती अंदाजपत्रके मांडली गेली आणि किती नवे कर लागले. ६१४ रुपये १३ आण्यांची ती ओळ मात्र कोणाच्या तरी वहीत वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढली जात होती.