मालमत्ताधारकाचे सुरक्षा-दायित्व (बारामती व इंदापूर)

जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने तेथे येणाऱ्यांच्या सुरक्षेची वाजवी तजवीज केली नाही आणि त्यामुळे तिसऱ्याच इसमाला गुन्ह्याची संधी मिळाली, तर झालेल्या हानीची भरपाई देण्याची मालकावर येणारी कायदेशीर जबाबदारी. गुन्ह्याची शिक्षा गुन्हेगारालाच होते. मालकावर ठपका येतो तो हलगर्जीपणाचा. इंग्लंडमध्ये ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा १९५७ साली झाला. भारतात तसा अधिनियम नाही. न्यायालयांनी घडवलेली अपकृत्याची तत्त्वे, भारतीय करार अधिनियम (१८७२), ग्राहक संरक्षण अधिनियम (२०१९) आणि कामगारविषयक कायदे यांचा आधार घेऊनच दाद मागावी लागते.

पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतील या दोन तालुक्यांत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो. बारामतीत औद्योगिक वसाहत, टेक्सटाइल पार्क आणि महाविद्यालये यांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी व पाळीत काम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने येतात. इंदापूर तालुक्यातून पुणे–सोलापूर महामार्ग जातो. भिगवणपासून पुढे त्याच्या कडेने हॉटेले, ढाबे, लॉज व पेट्रोलपंप आहेत.

दायित्वाचा कस पूर्वकल्पनेवर लागतो. असे काही घडेल याची मालकाला कल्पना होती का, किंवा असायला हवी होती का, आणि झेपेल असा उपाय त्याने केला का, हे न्यायालय पाहते. मार्च २०२४ मध्ये इंदापूरजवळ महामार्गावरील एका हॉटेलात जेवायला बसलेल्या इसमावर टोळीने गोळ्या झाडल्या, कोयत्याने वार केले आणि त्याचा खून केला. सगळा प्रकार सीसीटीव्हीत टिपला गेला. जुन्या वैरातून ठरवून केलेला असा हल्ला हॉटेलमालकाने ओळखावा व रोखावा, अशी अपेक्षा कायदा सहसा करीत नाही. ३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीत महाविद्यालयाच्या आवारातच एका बारावीच्या विद्यार्थ्याचा कोयत्याने खून झाला. शैक्षणिक संस्थेबाबत कसोटी अधिक कडक असायला हवी, कारण पालकांनी मूल तिच्या हवाली केलेले असते. भांडण शिक्षकांच्या कानावर होते का, फाटकावर तपासणी होती का, आधी तक्रार आली होती का, हे प्रश्न अशा कोणत्याही प्रकरणात निर्णायक ठरतात. या खुनानंतर बारामतीत विद्यार्थी व महिलांच्या सुरक्षेसाठी ‘शक्ती अभियान’ सुरू झाले. पोलिसांनी असे अभियान हाती घेतले म्हणून संस्थेची स्वतःची जबाबदारी कमी होत नाही.

फौजदारी खटल्यात मालकाला दोषी ठरवणे अवघड असते. मुंबईतील रंगाच्या कारखान्याला १९६२ साली आग लागून सात कामगार दगावले. कुर्बान हुसेन रंगवाला प्रकरणात (१९६५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मृत्यूचे प्रत्यक्ष व निकटचे कारण आरोपीचीच कृती असल्याशिवाय हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लागत नाही. मालकाची ढिलाई आणि इजा यांच्यामध्ये गुन्हेगाराची कृती आली की ही साखळी तुटते. म्हणून खरी वाट दिवाणी न्यायालयाची व ग्राहक आयोगाची.

भरपाईच्या दाव्यांकडे मात्र न्यायालयांनी वेगळ्या नजरेने पाहिले आहे. हावडा स्थानकाच्या यात्री निवासात बांगलादेशी महिलेवर झालेल्या बलात्काराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि ती रेल्वेकडून देववली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवरील २००८ च्या हल्ल्यात जखमी झालेल्या एका ब्रिटिश पर्यटकाने अपुऱ्या सुरक्षेबद्दल दावा लावला, तेव्हा तो इंग्लंडमध्ये चालू शकतो असे लंडनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले.

महामार्गावरच्या माणसाला सर्वांत उपयोगी निकाल गाडीचा आहे. ‘गाडी आपल्या जबाबदारीवर लावावी’ ही पाटी जागोजागी दिसते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात पाहुण्याने हॉटेलच्या चालकाकडे किल्ली सोपवलेली मारुती झेन १९९८ साली चोरीला गेली. पार्किंगच्या टोकनवर जबाबदारी नाकारणारा मजकूर छापलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेललाच जबाबदार धरले: किल्ली घेतली की गाडीचा निक्षेप (सांभाळायला ताबा देणे) होतो आणि करार अधिनियमाच्या कलम १५१ नुसार वाजवी काळजी घ्यावीच लागते, स्वतःचा हलगर्जीपणा छापील ओळीने झाकता येत नाही. ढाब्यासमोरच्या मोकळ्या जागेत ग्राहकाने स्वतः गाडी लावून किल्ली खिशात ठेवली असेल, तर मात्र हा आधार मिळत नाही. बँकांनाही अशी सूट नाही: लॉकरबाबत रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी, बँकेच्या कसुरीमुळे चोरी किंवा दरोडा झाल्यास, वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतके दायित्व घातले आहे.

कामाच्या ठिकाणी कायदा अधिक स्पष्ट आहे. लैंगिक छळविरोधी अधिनियम (२०१३), कलम १९, काम देणाऱ्या मालकावर सुरक्षित वातावरणाचे कर्तव्य टाकते. त्यात कामानिमित्त संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षाही येते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम (२०१७) रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती, संरक्षण व घरापर्यंत वाहनाची सोय मागतो.

जागेचा मालक सरकारी असला तरी सुटका नाही. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात उभ्या शिवशाही बसमध्ये फलटणला निघालेल्या तरुणीवर बलात्कार झाला. तेथील सुरक्षारक्षक बदलण्याचे आणि आगारांत पडून असलेल्या निकामी बसगाड्या हलवण्याचे आदेश त्यानंतर निघाले. अंधारात रिकाम्या, कुलूप नसलेल्या गाड्या धोक्याच्या असतात हे कळायला गुन्हा घडायची वाट पाहण्याची गरज नव्हती. बारामती व इंदापूरच्या प्रवाशांचाही स्वारगेट हाच रोजचा थांबा आहे.

पीडितांना शासनाकडूनही मदत मिळते: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली भरपाई आणि महाराष्ट्राची मनोधैर्य योजना. मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली दावा करता येतो. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे आणि ती पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. पोलिसांत फिर्याद दिली की काम संपले असे समजू नये. त्याच दिवशी जागेच्या मालकाला लेखी पत्र देऊन सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगावे, कारण काही दिवसांत त्यावर नवे चित्रण चढते आणि हातचा पुरावा जातो.