किरण (एचजेटी-१६)

भारतीय हवाई दलाचे दोन आसनी, एक एंजिनाचे जेट प्रशिक्षण विमान. त्याची नंतरची आवृत्ती हलक्या हल्ल्यासाठीही वापरता येते. आराखडा व बांधणी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये सुरू केलेला हा कारखाना १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) म्हणून ओळखला जातो.

१९५० च्या दशकात हवाई दलाच्या ताफ्यात मिस्टेर, हंटर, नॅट अशी वेगवान जेट विमाने आली. नव्या वैमानिकाचा हात मात्र पंख्याच्या विमानावर बसलेला असे, आणि जेटच्या शिक्षणासाठी उपलब्ध असलेले दोन आसनी व्हँपायर जुने होत चालले होते. त्यांची जागा घेणारे देशी विमान हवे होते. १९६१ मध्ये त्याच्या तपशीलवार आराखड्याचे काम सुरू झाले. नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे होते. घाटगे कोल्हापूरकडील गडहिंग्लज भागातले. जर्मनीत ग्यॉटिंगेन येथे वायुगतिकीचे आद्य आचार्य लुडविग प्रांट्‌ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. १९५१ मध्ये उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्यांच्याच देखरेखीखाली घडले. किरणचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी सुरंजन दास यांनी केले. मारुत हे लढाऊ विमानही सर्वप्रथम त्यांनीच उडवले होते.

किरणचे यश त्याच्या माफक उद्दिष्टात आहे. मारुतला मनाजोगते एंजिन शेवटपर्यंत मिळाले नाही. किरणसाठी मात्र ब्रिटनच्या जेट प्रोव्होस्टवर पारखलेले व्हायपर एंजिन सुरुवातीलाच निवडले गेले. त्याचा रेटा सुमारे १,१३० किग्रॅ. होता. विमानाची लांबी १०·६ मी., पंखांचा विस्तार १०·७ मी. आणि कमाल वेग ताशी सुमारे ७०० किमी. आहे. शिक्षक व विद्यार्थी मागे-पुढे न बसता शेजारी-शेजारी बसतात. त्यामुळे विद्यार्थ्याचे हात कुठे आहेत आणि नजर कोणत्या तबकडीवर आहे, हे शिक्षकाला थेट दिसते. दाबनियंत्रित कक्ष आणि मार्टिन-बेकर इजेक्शन आसने यांमुळे उंचीवरचे शिक्षण सुरक्षित झाले. मार्च १९६८ पासून ही विमाने हवाई दलाच्या हाती येऊ लागली.

शस्त्रे नंतर आली. मार्क १ए आवृत्तीत पंखांखाली दोन भारस्थाने होती. मार्क २ मध्ये ती चार झाली, नाकात ७·६२ मिमी.च्या दोन मशीनगन बसल्या आणि २५० किग्रॅ.चे बाँब किंवा रॉकेटचे संच वाहून नेता येऊ लागले. एवढ्या भाराला व्हायपर अपुरे पडले असते, म्हणून नॅटचे ऑर्फियस एंजिन घेतले गेले. ते बंगळूरातच तयार होत असे. ३० जुलै १९७६ रोजी मार्क २ प्रथम उडाले. हवाई दलाला ते मिळायला १९८० च्या दशकाचा मध्य उजाडला. सर्व प्रकारांची मिळून सुमारे १९० विमाने बांधली गेली.

सर्वसामान्यांना किरण माहीत झाले ते ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकामुळे. १९९६ मध्ये बिदरला स्थापन झालेले हे पथक नऊ विमानांची रचना उडवी. गोव्यात दाबोळीच्या आय.एन.एस. हंसा तळावर नौदलाचीही किरण विमाने होती. त्यांच्या ‘सागर पवन’ पथकाचे एक विमान ३ मार्च २०१० रोजी हैदराबादला कोसळून दोन नौदल अधिकारी मरण पावले.

२००९ मध्ये एचपीटी-३२ दीपक या विमानांची उड्डाणे थांबवली गेली आणि प्राथमिक शिक्षणाचा भारही जुन्या किरणवर आला. विमाने तिकडे लागल्याने २०११ मध्ये सूर्यकिरणच्या कसरती बंद पडल्या; पुढे हॉक विमानांवर हे पथक पुन्हा उभे राहिले. किरणचा वारस म्हणून आखलेले एचजेटी-३६ सितारा ७ मार्च २००३ रोजीच उडाले होते. पण गिरकीतून सावरण्याच्या चाचण्यांत ते अडकले, आणि २०२५ मध्ये ‘यशस’ हे नवे नाव मिळाले तेव्हाही ते हवाई दलाच्या सेवेत नव्हते. पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाच विमानावर विसंबावे लागले, याचे श्रेय किरणच्या आराखड्याला जाते; दोष वारस वेळेवर न घडवणाऱ्या नियोजनाचा आहे.